जुन्या स्पोर्ट्स कारची डायनो टेस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडच्या एमआयडीसीत आमची इंजिन बांधायची शेड आहे. पंपाची आणि ट्रॅक्टरची इंजिनं येतातच, पण गेली काही वर्षं जुन्या स्पोर्ट्स गाड्याही येऊ लागल्या आहेत. मिरजेच्या एका डॉक्टरांच्या १९६० च्या दशकातल्या जॅग्वार ई-टाइपचं ३.८ लिटरचं इंजिन आम्ही बांधलं आणि गाडी पुण्याला डायनोवर चढवली. तेव्हापासून सांगली, कराड, सातारा, कोल्हापूरहून फोन आणि मेसेज येत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. उदाहरणात ई-टाइप सारखी येईल, कारण तिच्यावर माझा हात बसला आहे. कार्बोरेटरच्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. डायनो म्हणजे नेमकं काय? गाडी जागेवर उभी असताना ताकद कशी मोजतात?

मागची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधतात आणि गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देतात. चाकं रोलर फिरवतात. किती जोराने आणि किती वेगाने फिरवतात, त्यावरून ताकद निघते.

प्रकार मुख्यतः दोन. एकात नुसता जड ड्रम असतो आणि तो किती लवकर वेग घेतो ते मोजतात. दुसऱ्यात रोलरला विजेच्या चुंबकाचा ब्रेक असतो, त्यामुळे इंजिन हव्या त्या आरपीएमवर भार देऊन धरून ठेवता येतं. कार्बोरेटर जुळवायचा असेल तर दुसऱ्याच प्रकाराचा डायनो शोधा. जड ड्रमवर आकडा मिळतो, पण ३००० आरपीएमवर अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण कसं आहे ते निवांत बघता येत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट मुळीच परकी नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री केली, त्यांनी लॅबमध्ये डिझेल इंजिनाच्या ड्रमला दोर गुंडाळून, एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगकाटा लावून हेच मोजलेलं आहे. बीएचपीमधला ‘बी’ त्याच ब्रेकचा.

२. बीएचपी, पीएस, किलोवॅट यांत फरक किती?

शेतातल्या मोटरची पाटी आठवा. ५ एचपी, ३.७ किलोवॅट. म्हणजे एक एचपी साधारण ७४६ वॅट. पीएस ही युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती. ७५ किलो वजन, म्हणजे विहिरीतलं ७५ लिटर पाणी, एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागणारी ताकद म्हणजे एक पीएस. ती ७३५.५ वॅट भरते. दोन्हींत दीड टक्क्याहूनही कमी फरक आहे, पण २०० च्या पुढे तो तीनेक एचपीचा होतो. शीटवर कुठलं एकक छापलंय ते आधी वाचा.

३. टॉर्क जास्त महत्त्वाचा की पॉवर?

दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर आणि पॉवर म्हणजे तो जोर मिनिटाला किती फेऱ्यांत मिळतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, की पीएस येतात. घाटात गाडी कशी ओढेल ते बघायचं तर टॉर्कची रेष बघा.

४. पुस्तकात २६५ लिहिलंय आणि डायनोवर १८० आले. इंजिन गेलं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजी मला ओळखू येते. बहुतेक वेळा इंजिनाला काहीही झालेलं नसतं.

पहिलं कारण कागदावरचं आहे. ई-टाइपचे २६५ हे ‘ग्रॉस’ मोजणीचे. इंजिन बाकावर एकटं, टेस्टचा मोकळा एक्झॉस्ट, एअर क्लीनर नाही, डायनमो आणि पंखा यांचा भार नाही. गाडीत बसवल्यावर ही सगळी ओझी परत येतात. ‘नेट’ मोजणी ती ओझी धरून करतात. अमेरिकन कंपन्या १९७२ च्या मॉडेलपासून नेटवर आल्या. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाला १९७१ ला ३३० म्हणत होते, १९७२ ला २५५. एका वर्षात इंजिन एवढं म्हातारं झालं नव्हतं, मोजायची पद्धत बदलली होती. मर्सिडीज ३०० एसएलचंही तसंच. जर्मन डीआयएन पद्धतीने २१५, अमेरिकन ग्रॉस पद्धतीने २४०, आणि इंजिन तेच.

दुसरं कारण म्हणजे कंपनी फ्लायव्हीलवर मोजते आणि तुम्ही चाकावर. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेतात (प्रश्न ५). तिसरं, आपली हवा समुद्रसपाटीची नाही (प्रश्न ६). एवढं सगळं वजा करूनही मोठी तूट राहिली, तरच इंजिनाकडे संशयाने बघा. आणि तेव्हाही डायनोच्या आधी कॉम्प्रेशन तपासा. ती अर्ध्या तासाची तपासणी बऱ्याच वेळा सगळं सांगून टाकते.

५. चाकावरच्या आकड्यात १५ टक्के मिळवले की इंजिनाचा आकडा आला ना?

नाही. १५ टक्के हा अंदाज आहे, नियम नाही. गिअर ऑइल थंड आहे की तापलंय, टायरमध्ये हवा किती आहे, पट्टे किती ओढलेत, या सगळ्यांनी तोटा बदलतो. शिवाय तो पूर्णपणे टक्केवारीने चालत नाही. काही घर्षण इंजिनाची ताकद कितीही असली तरी जवळपास तेवढंच राहतं. म्हणूनच इंजिन सुधारून ३० एचपी वाढवले तर तोटाही त्याच प्रमाणात वाढला असं धरता येत नाही.

काही डायनो रन संपल्यावर क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू देतात आणि त्यावरून तोटा काढतात. ते बरं, पण पूर्ण खरं तेही नाही, कारण भाराखाली दात जेवढे घासतात तेवढे मोकळ्या फिरण्यात घासत नाहीत. मी ग्राहकाच्या वहीत चाकावरचाच आकडा लिहितो. मोजलेला आकडा तेवढाच असतो.

६. सांगली आणि साताऱ्याच्या उंचीने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि चांगलाच पडतो. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे, सातारा ७४० च्या आसपास. समुद्राकाठच्या मानाने हवेचा दाब सांगलीत सहा टक्क्यांनी, साताऱ्यात आठ-साडेआठ टक्क्यांनी आणि पाचगणीला चौदा टक्क्यांच्या जवळपास कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते.

कार्बोरेटरवर आणखी एक परिणाम होतो. हवा विरळ झाली तरी कार्बोरेटर पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी करत नाही, त्यामुळे मिश्रण रिच होतं. मुंबईत जुळवलेली गाडी पसरणी घाट चढून वर गेल्यावर जड वाटते आणि प्लग काळे पडतात, त्याचं कारण हेच.

७. शीटवर ‘करेक्टेड’ लिहिलंय. ते काय असतं? त्यावर विश्वास ठेवावा का?

त्या दिवसाचा हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा घेऊन, ठरलेल्या प्रमाणित हवेत हीच गाडी किती देईल याचा केलेला हिशोब म्हणजे करेक्शन. हल्लीच्या एसएई पद्धतीत प्रमाण हवा २५ अंश आणि ९९० मिलीबार कोरडा दाब अशी धरतात. जुनी ‘एसटीडी’ पद्धत साडेपंधरा अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरते, म्हणून तिचा आकडा साधारण चार टक्के जास्त येतो. दोन गाड्यांची शीटं शेजारी ठेवून वाद घालण्याआधी दोन्हींवर एकच पद्धत आहे का ते बघा.

आता आपल्या हवेचं बघू. सांगली किंवा पुण्याच्या उंचीवर एप्रिलच्या दुपारी, ३६ अंशांत, करेक्शनचा गुणक (मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणतात तो) १.१० च्या जवळ येतो. डिसेंबरच्या सकाळी १८ अंशांत तो १.०५ च्या आसपास असतो. म्हणजे गाडीला हात न लावता, फक्त ऋतूमुळे पाच टक्के फरक. युरोपातल्या पॉवर मोजणीच्या नियमात, आर ८५ मध्ये, ०.९३ ते १.०७ च्या बाहेरचा गुणक वैध धरत नाहीत. तसा आकडा दिलाच तर टेस्टच्या वेळची हवा नेमकी लिहावी लागते. आपल्याकडचा उन्हाळा त्या हद्दीच्या बाहेर जातो. म्हणून मी जुन्या गाड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच नेतो आणि शीटवर मूळ व करेक्टेड दोन्ही आकडे छापून घेतो.

टर्बो गाडीला हे गुणक सरसकट लावू नका. वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) बूस्ट ठरलेल्या दाबावर धरून ठेवत असेल, तर उंचीचा तोटा टर्बोने आधीच भरून काढलेला असतो. त्यावर परत करेक्शन केलं की आकडा फुगतो.

८. टेस्ट कुठल्या गिअरमध्ये करतात?

ज्याचं प्रमाण एकास एकच्या सगळ्यात जवळ असेल त्यात. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत तो बहुधा चौथा. त्यात शक्ती सरळ आरपार जाते आणि घर्षण कमी असतं. पण ई-टाइपला ३.३१ चा ॲक्सल (मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण) असेल तर चौथ्यात ५५०० आरपीएमला रोलरचा वेग ताशी २०० किलोमीटरपर्यंत जातो. टायरबद्दल जरासुद्धा शंका असेल तर तिसऱ्यात टेस्ट करा. आणि पुढच्या प्रत्येक वेळी तिसऱ्यातच करा, नाहीतर तुलना राहत नाही.

९. डायनोवर जुनं इंजिन फुटतं असं ऐकलंय. खरं आहे का?

इंजिन आधीच आजारी असेल तर तो आजार डायनोवर उघड्यावर येतो. रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर पाच-सहा सेकंद टिकतो, इथे सलग आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. समोरून येणारा वाराही नसतो. म्हणून तयारी महत्त्वाची.

निघायच्या आधी मी हे करतो. तेल बदलतो, आणि जुन्या कॅम-टॅपेटला चालेल असं जस्ताचं प्रमाण नीट असलेलं तेल वापरतो. टॅपेट क्लिअरन्स बघतो. पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा तपासतो, कारण त्या ढिल्या पडल्या असतील तर टायमिंग ठरल्यापेक्षा लवकर पुढे जातं आणि इंजिन नॉक मारतं. रेडिएटरचे होज हाताने दाबून बघतो. क्लच घसरत नाही याची खात्री करतो. पेट्रोलच्या नळ्या तर सगळ्या डोळ्यांखालून घालतो.

त्या शेवटच्या ओळीमागे एक दिवस आहे. डॉक्टरांची गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा ४८०० आरपीएमपर्यंत लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप : १ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच, त्यावर लीन म्हणजे पेट्रोल कमी) ०.८८ वर सुरेख चालला होता. नंतर तो चढायला लागला आणि ०.९८ दिसताच मी हात वर करून रन थांबवला. पेट्रोल कमी पडत होतं. टाकीतल्या जाळीवर गंजाचा थर होता आणि तो साफ करायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. आणखी दोन सेकंद थांबलो असतो तर पिस्टन गेला असता. तेव्हापासून माझा नियम असा की लॅम्डाचं मीटर लावल्याशिवाय जुनी गाडी पूर्ण थ्रॉटलला चढवायची नाही, आणि थांबवायचा अधिकार ऑपरेटर, मालक आणि मी अशा तिघांनाही द्यायचा. आकडा पुन्हा कधीही मिळतो. त्या काळचा मूळ ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

१०. इंजिन नुकतंच बांधलंय. लगेच डायनोवर न्यायचं का?

नको. आधी आठशे-हजार किलोमीटर बेताने चालवा, पहिलं तेल बदला आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर हेडचे नट पुन्हा आवळा. मिश्रण आणि टायमिंग बघायला हलक्या भारावर ब्रेकवाल्या डायनोचा आधी उपयोग करता येतो, पण पूर्ण थ्रॉटलची घाई करू नका.

११. माझ्या गाडीला तारांची, मधल्या एका नटाची चाकं आहेत. काही अडचण?

दोन अडचणी आहेत. काही डायनो रोलरऐवजी चाक काढून थेट हबला जोडतात. त्यांचे जोड चार-पाच बोल्टच्या हबसाठी असतात. तुमच्या खाचांच्या हबवर ते बसत नाहीत, म्हणून फोनवरच विचारून घ्या. रोलरवर चढवत असाल तर प्रत्येक तार पेनाने वाजवून बघा. एखादी बद्द वाजली की ती ढिली आहे.

टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. झीज नसली तरी जुना टायर रोलरवर नको, कारण रोलरच्या गोलाईवर तो रस्त्यापेक्षा जास्त वाकतो आणि तापतो. पट्टे बंपरला किंवा गंजलेल्या पत्र्याला बांधू देऊ नका, सस्पेन्शनच्या मजबूत जागी बांधायला सांगा. आणि ई-टाइपवाल्यांसाठी खास सूचना : मागच्या ब्रेकच्या डिस्क आत, डिफरन्शियलला लागून आहेत. तिथे वारा पोचत नाही. रोलर थांबवायला गाडीचा ब्रेक वापरू नका, डायनोचा वापरा.

१२. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. टेस्टवर परिणाम होतो का?

होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून इथेनॉल जातं, त्यामुळे विषय घरचा आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन देतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. आपल्या उंचीमुळे ते तीनेक टक्के रिच झालेलं असतं (प्रश्न ६), पण तेवढ्याने भरपाई होत नाही.

दोन गोष्टी पाळा. मीटरवर एअर-फ्युएल प्रमाण न बघता लॅम्डा बघा, कारण लॅम्डा इंधन बदललं तरी तोच अर्थ सांगतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.९० हवा. आणि ज्या पंपाचं पेट्रोल रोज भरता तेच टाकीत ठेवून टेस्ट करा. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, त्या आधीच बदललेल्या असाव्यात.

१३. डायनोवर कार्बोरेटर जुळवायला किती रन लागतात?

वेबर कंपनीचे कार्बोरेटर असतील तर मेन जेट, एअर जेट, मग टायमिंग, अशा क्रमाने आठ-दहा रन सहज होतात. एका वेळी एकच बदल करायचा. एसयू कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये सुई बदलावी लागते आणि वरच्या नळीतल्या डॅम्परच्या तेलाचाही परिणाम होतो. रोलरने वेग झपाट्याने घेतला तर ते तेल कार्बोरेटरमधल्या पिस्टनला पटकन वर जाऊ देत नाही आणि मिश्रण क्षणभर रिच दिसतं. म्हणून एसयूवर संथ रन घ्या.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडी एकदा घासतो आणि तार छेडून ऐकतो, मग पुन्हा घासतो. एका झटक्यात कधीच जास्त काढत नाही. जेटचं काम मी त्यांच्याकडे बघूनच शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

१४. तीन रन घेतले, तीन वेगळे आकडे आले. कुठला धरायचा?

एक-दीड टक्क्याचा फरक चालतो. आकडा दर रनला उतरत गेला तर इंजिन आणि आत जाणारी हवा तापते आहे. पाणी आणि तेल एका ठरलेल्या तापमानाला येऊ द्या, मगच पुढचा रन घ्या. चढत गेला तर बहुधा गिअर ऑइल आत्ता कुठे तापतंय. सगळ्यात मोठा आकडा फ्रेम करू नका. एकमेकांशी जुळणारे दोन धरा.

१५. आरपीएमचा सिग्नलच मिळत नाही. टेस्ट वाया गेली का?

नाही. पॉवर रोलरवरचा जोर आणि रोलरचा वेग यांवरून निघते, तिला इंजिनाचे आरपीएम लागत नाहीत. फक्त इंजिनाचा टॉर्क आणि खालची आरपीएमची पट्टी चुकते. प्लगच्या वायरवर चिमटा लावूनही सिग्नल येत नसेल तर कॉइलवरून घेऊन बघा. तेही जमलं नाही तर आलेख किलोमीटरच्या वेगावर छापून घ्या.

१६. आलेखात पॉवर आणि टॉर्क ५२५२ ला छेदत नाहीत. शीट खोटं आहे का?

एकक बघा. एचपी आणि पाउंड-फूट असतील आणि दोन्हींची पट्टी सारखी असेल, तर ५२५२ ला छेदायलाच हव्यात. पीएस आणि न्यूटन-मीटर असतील तर ७०२४ ला. जुनी बरीच इंजिनं तिथपर्यंत फिरतच नाहीत. पट्ट्या वेगळ्या असतील तर छेद कुठेही दिसेल.

१७. रेष मधेच खड्ड्यात जाते किंवा वर जाऊन कापरी होते. कशामुळे?

आरपीएम पळतात आणि टॉर्क खाली येतो : क्लच घसरतोय. वरच्या टोकाला रेष थरथरते आणि आवाज फुटतो : पॉइंट उसळतायत, किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात. ठरावीक आरपीएमनंतर रेष सपाट होते आणि लॅम्डा चढतो : पेट्रोल कमी पडतंय (प्रश्न ९). मधल्या भागात एकच खड्डा आणि पुढे सगळं ठीक : तो बहुधा एक्झॉस्ट किंवा कॅमचा स्वभाव असतो. तिथे जेट बदलत बसू नका.

१८. डायनोचा कागद आरटीओत चालतो का? व्हिंटेज नोंदणीला उपयोगी पडतो?

नाही. तो तुमच्या माहितीचा कागद आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते आणि नंबरात ‘व्हीए’ येतं. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. इंजिनात मोठे बदल करून आकडा वाढवण्याआधी ‘मूळ रूपातली’ हा शब्द दोनदा वाचा.

१९. सांगलीहून पुण्याला गाडी चालवत न्यावी की ट्रेलरवर?

जाताना ट्रेलरवर. सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि ज्या गाडीचं मिश्रण वरच्या आरपीएमला कसं आहे हेच माहीत नाही ती हायवेवर ताणण्यात अर्थ नाही. टेस्ट चांगली झाली तर येताना जरूर चालवत या. खंबाटकी चढताना पाण्याच्या काट्यावर लक्ष ठेवा आणि कराडला चहाला थांबलात की इंजिन निवल्यावर एक प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला असेल तर पेठ नाक्यावरून निवांत सांगलीकडे वळा. पांढरा असेल तर तिथूनच मला फोन करा.